भिंतीवर वाळत घातलेले लग्न

काइफेंग,
दि. ११ जुलै १९८६

स्वस्ति श्री अखंडितकोपालंकृत, सकलगृहशासनधुरंधर, छत्तीस वर्षे अम्लरसशाळेच्या तृतीय कोठाराची एकमेव स्वामिनी, दोनशे सोळा रांजणांची जन्मदात्री, झेनजियांग नगरीच्या नदीबंदरापासून रेल्वेफाटकापर्यंतच्या यच्चयावत् भाजीविक्रेत्यांचा थरकाप, बंधुकर्णपीडनविशारदा, मातृपितृस्थानी विराजमान तीर्थरूप ग्वेफांगताई यांचे चरणसन्निध, त्यांचा एकुलता एक बंधू, माध्यमिक शाळा क्रमांक चार येथील प्राचीन वाङ्मयाचा अध्यापक, वय वर्षे एक्कावन्न, सांप्रत पुरुषांच्या सामाईक दालनातील पलंग क्रमांक नऊचा अधिपती, यान पोवेन याचे शि. सा. न. वि. वि.

या पदव्या वाचून आपण चष्मा काढून ठेवला असेल आणि मेल्याला काहीतरी हवे आहे असे उद्गारला असाल. आपले अनुमान नेहमीप्रमाणे यथार्थ आहे.

आठ तारखेस प्रातःकाळी आपल्या उंबऱ्यावर लग्नाप्रीत्यर्थ वाटावयाच्या आठ साखरगोळ्या व एक चिठ्ठी ठेवून मी प्रस्थान केले, हे आपणांस विदित आहेच. चिठ्ठी त्रोटक होती, ते तिचे वैगुण्य मान्य करतो. नाट्यमंडळाच्या शिवणखात्यातील रुइलान हिच्याशी मी पाच तारखेस नोंदणी कचेरीत विवाहबद्ध झालो असून, हल्लीच्या नव्या रीतीप्रमाणे मेजवानीच्या ठायी प्रवास योजिला आहे. काइफेंग, लुओयांग, शिआन आणि अखेर बीजिंग. शाळेला सुटी आहे, नाट्यमंडळ उन्हाळ्यात निद्रिस्त असते, सबब काळ अनुकूल. मेजवानी का नाही, याचे सविस्तर विवेचन यथावकाश करीन.

आता संकट निवेदन करतो. येथील अतिथिगृहात खिडकीपाशी दोन वेण्यांची एक कन्या बसते. तिने आमच्याकडे विवाहपत्र मागितले. त्याविना एक खोली नाही, असा नियम. ताई, विवाहपत्र आमच्यापाशी नाही. ते पट मढविणाऱ्या थांग म्हातारबाबांच्या दुकानात आहे. आमच्या दोन्ही प्रती, तिची व माझी, शेजारी शेजारी ठेवून निळ्या रेशमी किनारीचा एक पट मढवावा आणि तो दिवाणखान्यात टांगावा, अशी मला नोंदणीच्याच दिवशी स्फूर्ती झाली. रुइलानला मी हे सांगितले नव्हते. तो आनंदाचा धक्का द्यावयाचा होता. धक्का बसला, आनंदाविषयी निश्चित सांगवत नाही.

मी त्या कन्येस पट मढविण्याच्या कलेचे महत्त्व पाव तास विशद केले. खळ कशी शिजवितात, कागदाला कागद कसा जोडतात, कडा भिंतीला चिकटवून तो कसा वाळवितात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पुरुषांनी डाव्या जिन्याने जावे, बायकांनी उजव्या, असे सांगितले. तेव्हापासून मी डावीकडे सात पंपविक्रेत्यांच्या सहवासात आणि माझी नवोढा उजवीकडे चार बास्केटबॉलपटू मुलींच्या. त्यांच्या हसण्याचा आवाज भिंतीतून येतो. विषय मी असावा.

दिवसा मात्र आम्ही संयुक्त असतो. काल लोहस्तूप पाहिला. नाव लोहाचे, अंगी लोखंडाचा कण नाही, सगळी झिलईची वीट. काही माणसांच्या रागासारखेच ते, असे मी म्हणालो. रुइलान म्हणाली की कोणाच्या, आणि मी विषय बदलला. रसभरित मोदकवड्या खाताना मी जीभ पोळून घेतली. दोन दिवस वक्तृत्व मंदावले. हा प्रवासातला सर्वांत सुखाचा काळ असल्याचे तिचे मत आहे.

तरी कृपावंत होऊन थांगबाबांकडून विवाहपत्र सोडवून, जसे असेल तसे, लुओयांगच्या मुख्य टपालकचेरीत माझ्या नावे पाठवावे. विलंब झाल्यास हा विवाह इतिहासात दोन जिन्यांचा विवाह म्हणून नोंदला जाईल.

लोभाचा रांजण रिता झाला असल्यास तळाचा गाळ तरी राखून ठेवावा.

आपला आज्ञाभंजक बंधू,
पोवेन


झेनजियांग,
१५ जुलै

चि. पोवेन यास अ. उ. आ.

पत्र पोचले. पहिलं पान वाचून संपेपर्यंत भाताला उकळी येऊन तो उतू गेला.

मी बरी आहे. पाऊस अजून टळलेला नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी आली. तुझ्या आठ गोळ्यांपैकी दोन वितळून चिठ्ठीला चिकटल्या. उरलेल्या शेजाऱ्यांत वाटल्या. शेजारणीनं विचारलं की कुणाचं लग्न, तर मी म्हटलं की पत्ता नाही, दारात सापडल्या. खोटं बोलले नाही.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा मी सतरा वर्षांची. आई गेली, मागोमाग बाबा गेले. तुझं पहिलं लग्न मीच लावलं, चार टेबलं मांडून. बिचारी गेली तेव्हा तुला नऊ महिने जेवायला मीच घातलं. आता तू एक्कावन्नाव्या वर्षी चोरासारखा उंबऱ्यावर गोळ्या ठेवून पळालास. मी दाराआड जागीच होते. तुझ्या चपलांचा आवाज मला ओळखू येत नाही असं वाटलं का? हाक मारशील म्हणून थांबले होते.

थांगबाबांकडे गेले होते. तुझ्यासाठी नव्हे, त्या बाजूला मुळे ताजे मिळतात. कागद भिंतीला चिकटवलेला आहे. ते म्हणाले की ही हवा ओली, पंधरा दिवस हात लावायचा नाही, ओढून काढला तर मधोमध फाटेल. लग्न मधोमध फाटलेलं चालेल का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नका, मला ते लागलेलंच ठाऊक नाही.

मेजवानी का नाही ते यथावकाश सांगणार आहेस म्हणे. माझं वय साठ आहे, अवकाश बेतानंच वापर.

आणि त्या बाईंबद्दल काय म्हणू? जिच्या हातचा चहा मी घेतला नाही ती माझी भावजय नाही. जी भावजय नाही तिच्या कागदांसाठी मी कचेऱ्यांचे जिने चढत नाही. हे रागानं लिहिलेलं नाही. रागानं लिहिलं असतं तर कागद पुरला नसता.

उन्हात टोपी घाल.

तुझी बहीण,
ग्वेफांग


लुओयांग,
२० जुलै

ती. ताईंस शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र टपालकचेरीच्या पायरीवर उभ्याने वाचले. चपलांचे वाक्य दोनदा वाचले. त्या दिवशी पदव्या सुचल्या नव्हत्या, म्हणून हाक मारली नाही, असे लिहिणार होतो. पण तुम्हांला ते पटणार नाही आणि मलाही पटत नाही.

प्रथम वृत्तान्त. येथील अतिथिगृहाची व्यवस्थापिका दयाळू निघाली. विवाहपत्र नसेल तर उभयतांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून विवाहाची तारीख कागदावर लिहावी, जुळली तर विचार करीन, असे तिने सुचविले. इतकी सुलभ परीक्षा मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी परंपरेस अनुसरून जुन्या पंचांगाची तिथी लिहिली, पाचवा महिना, एकोणतिसावा दिवस. रुइलानने लिहिले पाच जुलै. व्यवस्थापिकेने दोन्ही कागद शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि मग रुइलानकडे करुणेने पाहून विचारले की या गृहस्थांना आपण नक्की किती दिवस ओळखता. पंचांगाचे स्पष्टीकरण मी देऊ लागलो, तोवर उजव्या जिन्याची किल्ली रुइलानच्या हाती पडली होती. इतकेच नव्हे, तर पहाऱ्यावरच्या बाईस माझ्यावर लक्ष ठेवण्याची आज्ञा झाली. आजन्म चारित्र्यसंपन्न राहून जी कीर्ती मिळाली नाही, ती येथे एका तिथीने मिळाली.

लोंगमेनच्या लेण्यांत गेलो. महाबुद्धासमोर सर्व यात्रेकरू मुखाकडे पाहतात. रुइलान वस्त्राच्या चुण्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली की डाव्या खांद्यावरचे कापड तिरके कापले आहे, सरळ कापले असते तर अशी घडी पडलीच नसती. शिल्पकार शिंप्याच्या घरचा असला पाहिजे. मी तेराशे वर्षांच्या इतिहासावर जे व्याख्यान तयार करून आणले होते, ते मुकाट्याने खिशात ठेवले. बीजिंगच्या राजवाड्यात काचेआड ठेवलेले बादशाही झगे पाहावेत, ही तिची वीस वर्षांची इच्छा आहे. नाट्यमंडळासाठी तिने चाळीस बादशहा शिवले. खरा एकही पाहिला नाही. म्हणूनच हा प्रवास. परंतु बीजिंगचे नियम याहून कडक, असे सगळेच सांगतात. यास्तव विवाहपत्र हाती येईतो आम्ही शिआनमध्ये मुक्काम करू. न आल्यास तेथूनच परत.

आता ते विवेचन. ताई, येथे अलंकार सोडतो. रुइलानचे पूर्वी एक लग्न झाले होते आणि ते न्यायालयात संपले. दोष तिचा नव्हता, पण दोष कोणाचा हे आपल्या गल्लीत कोणी विचारीत नाही. मेजवानीत बारा टेबलांवर कलिंगडाच्या बियांबरोबर तिलाही सोलले असते, आणि मधल्या टेबलावर तुम्ही बसला असता. तुमची मान खाली जाईल, असे मला वाटले. मी तुम्हांला वाचवीत होतो, असे महिनाभर स्वतःला सांगितले. वास्तविक मी स्वतःला वाचवीत होतो. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी काय केले असते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून विचारलेच नाही.

टोपी घालतो आहे.

रागाच्या तळाशी काही उरले असल्यास ते या पत्त्यावर यावे: मुख्य टपालकचेरी, शिआन.

पोवेन


शिआन,
२४ जुलै

ती. ग्वेफांगताई यांस सा. न. वि. वि.

मी रुइलान. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. ते खाली दाढी करून घ्यायला गेले आहेत आणि न्हाव्याला चांग-आन नगरीचा इतिहास सांगत आहेत, म्हणजे मला तासभर मिळेल. पदव्या मला येत नाहीत. चुकलं तर सांभाळून घ्या.

मला त्यांनी सांगितलं होतं की ताईंची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितली आहे, म्हणून मेजवानी नको आणि भेटही नको, परत आल्यावर जाऊ. मी विश्वास ठेवला. परवा तुमचं पत्र त्यांच्या कोटाच्या खिशातून पडलं. खिसा उसवला होता, तो शिवायला घेतला तेव्हा. भातापासून टोपीपर्यंत सगळं वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. तुम्ही दाराआड उभ्या होतात ते वाचून मी त्यांचा खिसा तसाच उसवलेला ठेवला. ते फार मोठं बोलणारे आहेत, पण एका बाबतीत भित्रे आहेत, आणि ती बाब तुम्ही आहात.

मी लपून आलेली नाही, ताई. लपवली गेले, हे मला आता कळलं. माझ्या पहिल्या घरी मला सात वर्षं खाली मान घालून राहायला लागलं. ते घर मी भर दिवसा, पुढच्या दारानं, शिवणयंत्र हातगाडीवर घालून सोडलं. मागच्या दारानं नव्या घरात शिरायचं असतं तर मी लग्नच केलं नसतं.

त्यांची बाजू थोडी सांगते, कारण ते स्वतः सांगायला गेले तर त्यात तीन राजवंश येतील. तुमच्याशिवाय एक दिवस जात नाही. लुओयांगला एकामागून एक नुसती सूपंच वाढली, तर म्हणाले की ताई असती तर स्वयंपाक्याला बोलावून घन पदार्थ म्हणजे काय ते समजावलं असतं. मटणाच्या सुपात रोटी कुस्करायची असते, मी सगळे तुकडे सारखे केले, तर म्हणाले की ताई बोराएवढे करते. मातीच्या सैनिकांच्या खड्ड्यापाशी दीड तास रांगा न्याहाळत होते. मला वाटलं इतिहास बघताहेत. शेवटी एक सैनिक सापडला, दुसऱ्या रांगेत डावीकडे, कपाळावर आठी घातलेला. म्हणाले, ही बघ ताई, भाजीवाल्याचा तराजू बघते आहे. तुम्हांला मी अजून भेटलेली नाही, पण खरं सांगते, तुमच्या सहवासाचा मला आताच थोडा कंटाळा आला आहे.

दाखला पाठवू नका. राजवाड्यातले झगे दोनशे वर्षं टिकले, आणखी एक वर्ष टिकतील. आम्ही पाच तारखेच्या गाडीनं परत येतो. स्टेशनवरून आधी तुमच्या घरी येऊन मी चहा देईन. घेतलात तर ठीक. नाही घेतलात तर कप धुऊन ठेवीन आणि पुन्हा येईन.

एक निळी पैरण शिवली आहे तुमच्यासाठी. माप नजरेनं घेतलं. पूर्वी कोळशाच्या रांगेत तुम्हांला पाहिलं होतं. बाह्या लांब झाल्या असतील तर आणल्यावर बघू.

आपली,
रुइलान


झेनजियांग,
२८ जुलै

चि. सौ. रुइलान हिस अ. उ. आ.

पत्र कालच मिळालं. उत्तर लगेच लिहिते, कारण तू पाच तारखेच्या गाडीची तिकिटं काढशील. काढू नकोस. काढली असशील तर परत कर.

तुझं पहिलं लग्न मोडलं ते मला सहा वर्षांपासून माहीत आहे. पोवेन तेव्हा तुला ओळखतही नव्हता. त्या घरची म्हातारी आमच्या व्हिनेगर कारखान्याच्या दुकानात यायची. अर्धी बाटली व्हिनेगर वापरून झाल्यावर वास बरा नाही म्हणून परत आणून द्यायची. तू हातगाडीवर शिवणयंत्र घालून निघालीस त्या दिवशी मी रेल्वेफाटकात थांबलेली होते. गाडी जायची होती. तू फाटकाशी चाकाखाली दगड लावलास, घाम पुसलास आणि फाटक उघडल्यावर कुणाचीही मदत न घेता निघून गेलीस. मी घरी येऊन म्हटलं होतं की ही बाई त्या घरात राहिली असती तर मला तिच्याबद्दल वाईट वाटलं असतं. पोवेन तिथंच बसला होता, वर्तमानपत्र वाचत. विचार त्याला. आठवणार नाही.

माझी मान खाली जाईल म्हणे. राग आला तो याचा. त्याच्या शिक्षणासाठी मी माझं शिक्षण सोडलं, त्याचं मला काही नाही. पण त्रेचाळीस वर्षं ज्या बहिणीच्या हातचं खाल्लं तिचं मन केवढं, ते याला कळलं नाही. असो. तुला कळलं असं दिसतं, तर एका घरात एकाला कळलं तरी पुरे.

आता कामाचं. पाऊस गेला, उन्हं पडली. थांगबाबांनी काल पट उतरवला. सुरेख झाला आहे, कबूल करते. पण दोन्ही दाखले, वर रेशीम, खाली रेशीम, टोकांना लाकडी दांड्या, असा तो माझ्या खांद्याएवढा भरला. टपालकचेरीतला माणूस म्हणाला की एवढं लांब पार्सल जाणार नाही, दुमडून आणा. थांगबाबा म्हणाले, दुमडलात तर माझ्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. मग टपालातला म्हणाला की कापून फक्त दाखले पाठवा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा मीच घेऊन येते. नानजिंगच्या पलीकडे मी कधी गेले नाही, पण रूळ असतात, गाडी चुकणार नाही. तीन तारखेला सकाळी शिआनला पोचते. त्याला काही सांगू नकोस, नाहीतर स्टेशनवर भाषण करील. फक्त ओझं उचलायला म्हणून घेऊन ये.

चहा घरीच घ्यायला हवा असं काही शास्त्र नाही. चहा जिथं गरम तिथं.

बाह्या लांबच असू देत. म्हातारपणी माणूस आक्रसतो, पण हात नाही.

तुझी नणंद,
ग्वेफांग

ता. क. कंटाळा आल्याचं वाचलं. अजून सुरुवात आहे.


बीजिंग,
दि. ९ ऑगस्ट १९८६
तळमजला, पुरुषांचे सामाईक दालन, पलंग क्रमांक चार

तिसरा मजला, खोली क्रमांक तीनशे सहा येथे एकत्र निवास करणाऱ्या ती. ग्वेफांगताई व सौ. रुइलान यांचे सेवेशी, दोघींचा सामाईक आश्रित यान पोवेन याचा सविनय अर्ज, शि. सा. न. वि. वि. पत्र दाराखालून सरकवीत आहे. टपालखात्यास त्रास दिलेला नाही.

अर्जदाराचे म्हणणे असे की, तीन तारखेस सकाळी त्यास ओझे उचलावयाचे आहे, एवढेच सांगून स्टेशनवर नेण्यात आले. गाडीतून प्रथम एक लांब पट उतरला, मागोमाग व्हिनेगरची पाच शेराची बुधली, आणि मग एक दिवस व एक रात्र लाकडी बाकावर बसून, तो पट गुडघ्यांत उभा धरून आलेल्या ताई. सहप्रवाशांनी तो मासेमारीचा गळ असावा असे मानून आख्ख्या प्रवासात कोणत्या तळ्यात काय मिळते, हे त्यांना सांगितले म्हणे. अर्जदाराने पदव्यांस आरंभ केला. पाचवी पदवी पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा उजवा कान फलाटावर, सर्व प्रांतांतील जनतेसमक्ष, पिरगळण्यात आला. याबद्दल तक्रार नाही. एका महिन्यात प्रथमच आपण घरी पोचलो, असे अर्जदारास त्या क्षणी वाटले, आणि डोळ्यांत पाणी आले ते केवळ कानामुळे असल्याचे त्याने नंतर जाहीर केले. त्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही.

शिआनच्या अतिथिगृहाच्या खिडकीवर ताईंनी पट उलगडला, तो प्रसंग अर्जदार मरेपर्यंत सांगणार आहे, म्हणून आताच लेखी नोंदवितो. एक दांडी शाईच्या दौतीपाशी, दुसरी पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी पोचली. चार पाहुण्यांनी चार कोपरे धरले. हिशेबनीस चष्मा पुसून पुढे वाकला, दोन्ही शिक्के न्याहाळले, निळ्या रेशमावरून बोट फिरविले आणि म्हणाला की एकवीस वर्षांत अनेकांनी दाखले दाखविले. घडी घातलेले, घामाने भिजलेले, एक तर बुटातून काढलेला. पण लग्न एवढे नीट वाळवून आणलेले पहिल्यांदाच पाहतो आहे. मग गोळ्या मागितल्या. गोळ्या संपल्या होत्या. ताईंनी त्यास व्हिनेगर देऊ केले.

आणि तेथेच, त्या खिडकीसमोर, पट अद्याप चौघांच्या हातांत ताणलेला असता, रुइलानने थर्मासमधील पाण्याचा चहा करून तो पत्र्याच्या मगातून दोन्ही हातांनी ताईंपुढे धरला. ताईंनी तो घेतला, तळाच्या पानांसकट संपविला, आणि म्हणाल्या की चहा फिका आहे, पण पुढच्या वेळी जमेल. पुढची वेळ असणार, हे त्या खोलीत सर्वांस एकदम कळले. नंतर त्यांनी अंगातल्या जुन्या पैरणीच्या आतल्या खिशातून आईचे शिवणकामाचे पितळी अंगुस्तान काढून रुइलानच्या बोटात घातले. ते बरोबर बसले. आईचे अंगुस्तान ताईंनी त्रेचाळीस वर्षे जपले आहे, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. अर्जदारास बरेच काही ठाऊक नाही, असा ठराव तेथे एकमताने संमत झाला, आणि मी माफी मागितली. अलंकाराविना. तीन शब्दांत. साक्षीला चार पाहुणे आहेत.

येथपर्यंत सर्व मंगल. तथापि विवाह सिद्ध झाल्यावर हिशेबनिसाने दोन पलंगांची उत्तम खोली दिली, आणि बायकांचे सामाईक दालन भूमिती-शिक्षिकांच्या संमेलनाने भरलेले निघाले. ताईंचा खांदा पट धरून अवघडला होता. रुइलान म्हणाली की ताई खोलीत झोपतील. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिले. डावा जिना मला पाठ होता.

तीच व्यवस्था येथेही चालू आहे. माझे वैवाहिक स्थान पटावर सुवर्णाक्षरांत आहे. प्रत्यक्षात मी पलंग क्रमांक चार आहे. पट आपल्या खोलीत टांगलेला आहे. काल मला तो दारातून पाहू दिला, याबद्दल आभार.

राजवाड्यातील वृत्तान्त आपणांस ठाऊकच. परंतु आपण दोघी काचेकडे पाहत होतात आणि मी आपल्याकडे, म्हणून माझी बाजू लिहितो. पिवळ्या झग्यासमोर आपण पाऊण तास उभ्या होतात. रुइलान टाके मोजत होती. ओठ हलत होते. ताई म्हणाल्या की एवढ्या जाड कापडात बादशहा घामाने निथळत असणार, काखेत बघ, अस्तर नक्की बदललेले आहे. रुइलान काचेला नाक लावून वाकली आणि खरोखरच बदललेले निघाले. मग आपण दोघी अशा हसलात की पहारेकरी धावत आला. अर्जदाराने प्राचीन वाङ्मयात सुखाची अनेक वर्णने वाचली आहेत. त्यांत काखेचे अस्तर कोठेही नाही, हा त्या वाङ्मयाचा दोष होय.

परतल्यावर बारा टेबलांची मेजवानी देण्याचा आपला निर्णय जिन्यात ऐकू आला. कोणास बोलवायचे, मध्ये कोणी बसायचे, आणि ज्यांना बिया सोलायच्या असतील त्यांनी त्या सोलाव्यात, रुइलान ताईंच्या शेजारी बसेल, हेही ऐकू आले. अर्जदारास त्यात स्टुले वाहून नेण्याचे काम दिले आहे, ते शिरोधार्य.

आपणां उभयतांचा लोभ एकमेकींवर जडला, त्यातून सांडेल तेवढा इकडे यावा.

अर्जदार,
पलंग क्रमांक चार,
यान पोवेन

ता. क. येथे प्रत्येक पलंगाखाली प्लॅस्टिकच्या सपाता ठेवलेल्या असतात. माझ्या पलंगाखालच्या दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे असल्याने दिवसातून सहा वेळा मी तिरका चालत जातो आणि विहिरीपाशी पोचतो. व्यवस्थापिकेस विचारले असता तिने वाकून पाहिले आणि सांगितले की जोडी म्हणजे दोन, दोन आहेत. उजव्या पायाच्या दोन कोणाकडे आहेत, त्याचा शोध चालू आहे; शेजारच्या पलंगावरील गृहस्थही तिरकेच चालतात, पण तेही डावीकडेच.